पलंगपोसाचे अठ्ठेचाळीस तुकडे

पेद्रा मान्सा
१२ एप्रिल १९९६

श्री. जेनिव्हाल यांस,

जुसाराच्या तिसाव्या दिवसाची प्रार्थना इथल्या चर्चमध्ये झाली. माणसं बरीच आली होती. तिच्या वर्गातल्या चौघीजणी होत्या.

तुमच्या दारात मी जे बोलले ते बोलायला नको होतं. ‘माझ्या मुलीला पार्सलसारखं पुरून टाकलंत’ हे शब्द माझेच आहेत, नाकारत नाही. साओ पावलोत दुसऱ्याच दिवशी दफन करावं लागतं आणि इथून बस तिसऱ्या दिवशी पोहोचते, यात तुमचा दोष नव्हता. तुमच्या बहिणीने पुढे केलेली कॉफी मी घेतली नाही, माझ्या नातीला, ताइनालाही न भेटता परत फिरले. याचं वाईट वाटतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. जुसाराचे कपडे, फोटो, कानातले, मला काहीही नको. फक्त तिचा लग्नातला पलंगपोस पाठवा. तुकडे जोडून शिवलेला. तुम्ही पाराइबाचे, तुमच्याकडे ही पद्धत नसेल. आमच्याकडे मुलीच्या लग्नाचा पलंगपोस आईने घरातल्या माणसांच्या जुन्या कपड्यांतून स्वतःच्या हाताने शिवायचा असतो, आणि मुलगी आधी गेली तर तो आईकडे परत येतो. मी तो अकरा महिने शिवत होते. माझ्या हातचं तिच्याजवळ तेवढंच होतं.

शाळेच्या पत्त्यावर पाठवा. तिथल्या ऑफिसातून मी निवृत्त झाले असले तरी माझं टपाल अजून तिथे येतं.

झेनायदे


५ मे १९९६

श्री. जेनिव्हाल यांस,

तुमचं पत्र मिळालं. पलंगपोस तुम्ही नाकारत नाही, पण ताइना तो अंगावर घेतल्याशिवाय झोपत नाही, असं लिहिता. झोपण्याआधी जुसारा तिला एकेका तुकड्याची गोष्ट सांगायची, हे मला माहीत नव्हतं. पिवळ्या फुलांचा म्हणजे आजीचा साखरपुड्याचा झगा, निळ्या रेघांचा म्हणजे शाळेच्या ऑफिसातला जुना पडदा, लाल म्हणजे आजोबांची फजिती. बाकीच्यांचं विचारलं की जुसारा म्हणायची, ‘ते आजीला माहीत.’ आता पोर तुम्हाला विचारते, आणि तुम्ही मला. सगळे तुकडे तिला लिहून कळवा, मग पलंगपोस पाठवतो, असं तुमचं म्हणणं. म्हणणं योग्य आहे.

लाल तुकड्याचं जुसाराने बरोबर सांगितलं. हवं तर तिला नीट सांगा.

आमच्या गावात घरं निळी असतात किंवा लाल. मतदान जवळ आलं की कुत्र्यांच्या गळ्यातसुद्धा त्या पक्षाची फीत बांधतात. ताइनाच्या आजोबांचं, आदाउतोचं घर तर पिढ्यान्‌पिढ्या निळं. लग्नाच्या आठवड्यात नवरीचा पलंग मांडतात आणि गावातल्या बायका बघायला येतात. त्या नुसत्या बघत नाहीत. उशीचे अभ्रे उलटे करतात, चादरीची किनार ओढून बघतात. माझी मोठी नणंद कितेरिया सगळ्यांच्या पुढे होती. तिने पलंगपोसाचं टोक उचललं, मागची बाजू उजेडात धरली आणि एका बोटाच्या रुंदीत किती टाके बसतात ते मोजलं.

“बारा! काय गं झेनायदे, टाइपरायटरवर शिवलास की काय? इतकी सरळ ओळ!”

सगळ्या हसल्या. फादरच्या बहिणीने म्हटलं, “असे हात होते तर एवढी वर्षं लपवून कशाला ठेवले होतेस?”

मी उलटे केलेले अभ्रे सरळ करत राहिले. मी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ते खपून गेलं.

मग कितेरियाचा हात थांबला. “आणि हे काय? हे लाल? अगं, याच्यावर अर्धा आकडा आहे! हा लालवाल्यांचा शर्ट आहे!”

खोलीत अकरा बायका होत्या. सगळ्या वाकल्या. निळ्या घरातल्या मुलीच्या पलंगावर लालवाल्यांच्या उमेदवाराच्या निवडणूक क्रमांकाचा अर्धा आकडा. तेवढ्यात आदाउतो कोठीची किल्ली मागायला दारात आला. माझ्या तोंडून निघून गेलं, “मला काय विचारता, तुमच्या भावाला विचारा. लालवाले शर्ट वाटत होते तेव्हा एक घेऊन आले शेतात घालायला. मी त्याचं काय केलं ते दिसतंयच.”

आदाउतोने पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपी काढली आणि बहिणीला म्हणाला, “फुकट मिळाला होता, ताई. कापड बरं होतं.”

त्यानंतर वर्षभर न्हाव्याकडे त्याला ‘लाल आदाउतो’ म्हणत. निळ्या पक्षाच्या अध्यक्षाने एक अख्खी निवडणूक त्याच्याशी हात मिळवला नाही. ही गोष्ट ताइनाला आवडत असेल तर मी समजू शकते.

बाकीचे तुकडे मात्र डोळ्यांसमोर असल्याशिवाय आठवत नाहीत. तुम्ही आधी पलंगपोस पाठवा, मी बघून एकेक लिहिते. हल्ली माझं कशात मन लागत नाही. खुर्चीत बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते कळत नाही. या आठवड्यात स्वयंपाकघरातले खण तीनदा पुसले. दुखवट्यात खिडक्या वर्षभर बंद ठेवायच्या, तेव्हा बाहेर बघूनही वेळ जात नाही. पत्राला उशीर झाला तो त्यामुळे.

झेनायदे


२६ मे १९९६

जेनिव्हाल,

तेरा वर्षं तुला ‘तू’ म्हणत आले. मागच्या दोन पत्रांत ‘तुम्ही’ लिहिलं ते लांब राहून बोलता यावं म्हणून. आता जे लिहायचं आहे ते लांबून लिहिता येत नाही.

ताइनाचा कागद मिळाला. तिने पाठवला की तू पाठवायला लावलास, ते विचारत नाही. सहा ओळी, ओळीत आठ चौकोन, प्रत्येकात रंग आणि बारीक नक्षी. मागे एक ते अठ्ठेचाळीस आकडे आणि प्रत्येकापुढे मोकळी रेघ. वर लिहिलंय, ‘आजी, घाई नाही. पण सगळे लिही.’

मी पेन्सिल घेऊन बसले. एक, माझ्या आईचा रुमाल. दोन, जुसाराच्या बाप्तिस्म्याच्या झग्याचं अस्तर. तीन, आदाउतोचा पायजमा, जो गाईने चावला होता. मला असं काही सुचत नाही असं मी आयुष्यभर समजत आले. भराभर सुचत गेलं. अकरा रेघा भरल्या. बाराव्या चौकोनात तिने मासे काढले आहेत, छोटे, एकामागे एक, हिरव्या रंगावर.

त्या पलंगपोसावर मासे आहेत हे मला माहीत नव्हतं.

जेनिव्हाल, तो मी शिवला नाही. विकत घेतला. ब्रेजिन्योच्या शनिवारच्या बाजारात, चर्चच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईकडून. शिक्षण खात्याच्या कामाला जाते असं सांगून गेले, पहिला हाताला लागला तो घेतला आणि दुपारच्या बसने परत आले. नीट उलगडूनही बघितला नाही. तिथे कुणी ओळखीचं भेटेल याची भीती होती. नीट बघितला असता तर तो लाल तुकडा आधीच दिसला असता.

माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली आणि मला वडिलांनी वाढवलं, त्यामुळे शिवण शिकले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं नाही, पण कारण ते नव्हे. जुने कपडे मी कापले होते. चार चौकोन जोडलेसुद्धा. ते चौकोनी झाले नाहीत. मग रोज शाळेतून काहीतरी घरी आणायला लागले, निकालपत्रकं, बदल्यांचे अर्ज, म्हणजे बसायला वेळ नाही असं म्हणता यावं. वेळ होता. मला तिथे बसवत नव्हतं. जुसारा जाणार, आणि प्रत्येक टाक्याला ते आठवत राहायचं, हे मला जमेना. ऑफिसात हे सगळं विसरायला व्हायचं.

आदाउतोला ठाऊक होतं. त्या दिवशी बस थांब्यावर तो न्यायला आला होता. माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, वजन बघितलं, दाबून बघितलं आणि म्हणाला, “शिक्षण खातं हल्ली कागद मऊ वापरतं वाटतं.” एवढंच. मग त्या अकरा बायकांसमोर टोपी काढून उभा राहिला, आणि तो मरेपर्यंत त्या शर्टाबद्दल आम्ही दोघांनी कधी एक शब्द काढला नाही.

पलंगपोस परत मागितला तो पद्धत म्हणून नाही. कुणीतरी कधीतरी नीट बघेल, ताइना मोठी होऊन बघेल, ही भीती होती. माझ्याकडे आला असता तर मी तो पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं असतं. आता नको. तिच्यापाशीच राहू दे.

तिला काय सांगायचं ते तू ठरव. तुम्हा दोघांकडे मी आधीच एकदा पाठ फिरवून आले आहे, आणि आता हे. तिने मला आजी म्हणणं सोडलं तर मी तुला दोष देणार नाही.

एक विचारते. जुसारा कधी काही बोलली होती का? तिला कळलं होतं का?

झेनायदे


१६ जून १९९६

जेनिव्हाल,

तुझं पत्र चार ओळींचं होतं, तरी ते घेऊन मी घरभर फिरले. ‘ती कधी काही बोलली नाही. तिला कळलं होतं की नाही ते मलाही सांगता येणार नाही, झेनायदेबाई. मी रागावलेलो नाही. ताइना उत्तराची वाट बघते आहे.’

तू रागावला असतास तर निदान एका जागी बसून ते सोसलं असतं. काल उठले आणि ब्रेजिन्योला गेले. ताइनाचा कागद बरोबर घेतला होता.

चर्चच्या भिंतीपाशी आता मडकी विकणारी बसते. कागद दाखवला तर म्हणाली, “हे यूफ्राझियाचं काम. ती बाजारात बसत नाही आता, गुडघे गेलेत. मागच्या गल्लीत पिवळं दार. मोठ्याने बोला, नाहीतर ती ऐकलं नाही असं दाखवते.”

दार उघडंच होतं. सत्तरी ओलांडलेली, माझ्यापेक्षा लहानखुरी बाई मशीनपाशी बसली होती. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“काळे कपडे घालून आलीस. मी मेले की काय? मला कुणी कळवलं नाही.”

मी सांगितलं, पलंगपोसाचं विचारायचं आहे. कागद दिला. तिने तो नाकाशी धरला.

“हा माझा. मासे आहेत ना, माझाच. ते कापड मला दोन वर्षं पुरलं.” मग बोट लाल चौकोनावर ठेवलं आणि हसायला लागली. “अगं, हा तर पडलेला उमेदवार! शर्ट उरले, दोन पोती माझ्या दारात आणून टाकली. त्या वर्षी मी सगळ्या जिल्ह्याला लाल पांघरायला लावलं. निळ्यांनासुद्धा!”

“आणि बाकीचे? ते कुणाच्या कपड्यांचे?”

“कुणाच्या कशाला असतील? शिलाई कारखान्यांतली कात्रणं. पोत्यावर पोती.” मग माझ्याकडे बघत राहिली. “का गं? तू कुणाचे सांगितलेस?”

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, सगळं, अकरा महिन्यांसकट. तिने मशीनच्या चाकावरचा हात काढला.

“तेरा वर्षं माझं काम तुझं म्हणून सांगितलंस.”

“हो.”

“मग? काय म्हणाले?”

“कोण?”

“लोक, बाई, लोक! कामाबद्दल. चांगलं म्हणाले का?”

“खूप.”

“बस इथे,” तिने स्टूल पायाने ढकललं. “कोण काय म्हणालं, सगळं सांग. एकही गाळायचं नाही. बाजारात बसून मी आयुष्यभर काय ऐकलं? ‘जरा कमी कर.’ दुसरं काही नाही.”

मी बसले. कितेरियाने टाके मोजले ते सांगितलं. “बारा,” ती म्हणाली, “बरोबर आहे. पुढे.” फादरची बहीण काय म्हणाली ते सांगितलं. शाळेतल्या मार्लुसेबाईंनी मागच्या बाजूचा कागदी नमुना काढून नेला, कोपरे कसे जुळवले ते कळावं म्हणून. “जुळले का तिला?” “नाही.” “नाहीच जुळणार. पुढे.” तेरा वर्षांत आलेली प्रत्येक स्तुती मला पाठ होती. आपली नसलेली गोष्ट माणूस किती नीट लक्षात ठेवतो. ती मान हलवत ऐकत होती आणि मधेच उठून लंगडत जाऊन दोन कप कॉफी घेऊन आली. ती मी घेतली.

तिच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर दुकानातलं ब्लँकेट होतं, त्यावर एवढा मोठा छापलेला वाघ. माझी नजर तिला दिसली.

“बघतेस काय? दिवसभर कात्रणं बघायची आणि अंगावर पण तीच घ्यायची? हे मी विकत घेतलंय. वाघ कुणी शिवून दाखवावा मला.” मग म्हणाली, “विकत घेण्यात काही वाईट नाही, ऐक. तुझ्यासारख्या घेतात म्हणून माझी चूल पेटली. खोटं बोललीस ते वेगळं. दोन्ही एका पिशवीत घालू नकोस.”

मी उठायला लागले तर तिने विचारलं, “आणि पोरगी? जिच्यासाठी घेतलास ती काय म्हणाली? ते सांगितलंच नाहीस.”

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी सकाळी जुसारा पलंगपोसावरून हात फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आई, तू माझ्यासाठी इतका वेळ एका जागी बसशील असं मला कधी वाटलं नव्हतं.’ मी म्हटलं, उशीर होतोय, केस विंचर.

यूफ्राझियाने हे ऐकलं तेव्हा तिची मान हलली नाही. “काळे कपडे तिच्यासाठी का?” तिने विचारलं. मी हो म्हटलं.

मग तिने माझा रिकामा कप घेतला.

“बाकीचं सगळं माझं,” ती म्हणाली, “ते मी घेतलं. हे मी घेणार नाही. हे तुझं तुलाच बघायला लागेल.”

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती, तरी येताना दोनदा उठून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, “आजी, पेद्रा मान्सा लांब आहे अजून, बसा.”

सोबत ताइनासाठी चिठ्ठी आहे. आधी तू वाच. द्यावीशी वाटली नाही तर फाडून टाक, मी विचारणार नाही.

झेनायदे


१६ जून

ताइना,

तुझी यादी परत पाठवते आहे. रेघा मोकळ्याच आहेत. अकरा रेघांवर मी काही लिहिलं होतं, ते खरं नव्हतं म्हणून खोडलं. रबराच्या खुणा दिसतील.

तुझा पलंगपोस मी शिवलेला नाही. ब्रेजिन्योच्या यूफ्राझिया नावाच्या बाईंनी तो शिवला. मी तो बाजारातून विकत आणला आणि मी शिवला असं सगळ्यांना सांगितलं. तुझ्या आईलाही तेच सांगितलं, आणि तिने तुला. तिने तुला खोटं सांगितलं नाही. खोटं मी सांगितलं.

पिवळ्या फुलांचा तुकडा माझ्या झग्याचा नाही. निळ्या रेघांचा शाळेच्या पडद्याचा नाही. लाल तुकडाही आजोबांच्या शर्टाचा नाही, पण मला वाचवायला त्यांनी अकरा बायकांसमोर स्वतःची फजिती करून घेतली. तेव्हा तो त्यांचा म्हटलास तरी चालेल. माशांचं मला काहीच माहीत नाही. तू काढलेस तेव्हा मी ते पहिल्यांदा बघितले.

पलंगपोस तुझा आहे. मी तो मागितला होता, आता मागणार नाही. यूफ्राझियाबाईंनी विचारलंय की तेरा वर्षांत एखादी शिवण उसवली का. उसवली असेल तर त्या दुरुस्त करून देतील. त्यांना वाटतं उसवली नसणार.

तुला राग आला असेल तर या चिठ्ठीला उत्तर देऊ नकोस. मला समजेल.

तू अठ्ठेचाळीस गोष्टी मागितल्या होत्यास. माझ्याकडे खरी अशी एक आहे, ती लिहिते. तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हा शाळा सुटली की माझ्या ऑफिसात यायची आणि टेबलाखाली शिरून बसायची. मी वर टाइप करत असायचे. मी उठून कुठे जाऊ नये म्हणून ती माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून टाकायची. तिला वाटायचं मला कळत नाही. मला कळायचं. गाठ नीट बसेपर्यंत मी पाय हलवत नसे. मग काम संपलं, हेडमास्तर दिवा बंद करून गेले, तरी ती गाठ सोडेपर्यंत मी टाइपरायटरवर नुसतीच बोटं वाजवत बसून राहायचे. ताइना, कागद घातलेलाच नसायचा.

झेनायदे